एक दांडा, पाच अवजारं

आमच्या अंगणात तुळशीच्या मागं भिंतीला टेकवून एक लोखंडी पाइप ठेवलेला असतो. साडेचार फूट लांब, एका टोकाला चौकोनी तोंड, तोंडात आरपार भोक. चिंचेवर वानरं आली की बाबा तो उचलतात आणि गोठ्याच्या टिनावर दोन ठेवून देतात. वानरं शेजाऱ्याच्या पपईवर जातात, शेजारी आपलं टिन वाजवतो, वानरं परत आमच्याकडं. सकाळचा अर्धा तास असा जातो.

हा पाइप माझा शोध आहे. म्हणजे शोधातला कामी आलेला भाग. बाकीचा गोठ्यात पोत्यात बांधून ठेवलाय.

दरवर्षी खंडेनवमीला ते पोतं सुटतं. माय सगळी अवजारं हौदापाशी घासून ओळीनं मांडते. वखराची फास म्हणजे आडवं पातं, डवऱ्याच्या म्हणजे कोळप्याच्या फासा, दोन पावडी, टिकास म्हणजे आमची कुदळ, सब्बल, कुऱ्हाड, इळे, खुरपी, आणि ओळीच्या शेवटाला माझी पाच लोखंडी मुंडकी, दांड्याविना. त्यांनाही हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल मिळतं. माय भेदभाव करत नाही. बाबा मात्र नमस्कार करून उठता उठता हमखास म्हणतात, "हे पाच पांडव वनवासातच हायेत अजून."

कल्पना सुचली होती तीही अशाच एका खंडेनवमीला. ओळीतली अवजारं मी सहज मोजली. दांड्याची अकरा निघाली. त्यातल्या सातांचे दांडे हलत होते आणि एक तर उभा फाटलेला, तारेनं आवळून ठेवलेला. मी आयटीआयचा टर्नर, म्हणजे लेथ या यंत्रावर लोखंड कातणारा. बुटीबोरीच्या एका कारखान्यात सहा वर्षं लेथवर उभा राहिलो आणि तेव्हा नुकतंच गावाजवळच्या फाट्यावर वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. अशा माणसाला हलणारा दांडा दिसला की हात शिवशिवतात. अकरा अवजारांना अकरा दांडे कशाला? एकच भक्कम दांडा करावा आणि लागेल तसं मुंडकं बसवावं.

डोक्यात होता गोटी पाना. गॅरेजवाल्याच्या पेटीत असतो तो, एक रॅचेटचा दांडा आणि लहानमोठ्या गोट्या. त्याची गोष्ट मला आयटीआयपासून पाठ होती. पूर्वी प्रत्येक मापाचा पाना दांड्यासकट अखंड असायचा. १९२० साली अमेरिकेत मिलवॉकीला जोसेफ जॉन्सन यानं गोटी आणि दांडा वेगळे करून विकायला काढले. पाच दांडे, दहा गोट्या. जाहिरात अशी की पाच जण पन्नासांचं काम करतात. स्नॅप-ऑन कंपनी उभी राहिली ती त्यावर. त्या हिशेबानं माझं गणित फारच साधं होतं, एक गुणिले पाच. पावडं, टिकास, कुऱ्हाड, दाताळं आणि उभ्यानं निंदता यावं म्हणून लांब दांड्याचं खुरपं.

पंधरा दिवस दुकान बंद झाल्यावर मी त्याच्यामागं होतो. पाइपाच्या टोकाला चौकोनी नळी जोडली. प्रत्येक मुंडक्याच्या मागं त्या नळीत जाईल अशी चौकोनी सळई लावली. आरपार भोक पाडलं, त्यात स्प्रिंगची पिन. मुंडकं आत घाला, पिन टोचा, काम करा. पिन ओढा, मुंडकं काढा. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे करून दाखवायचो. टक्, खट्. टक्, खट्. लोक खूश व्हायचे. एकानं विचारलं, "याले बॅटरी कुठी लागते?" माझी छाती अजून फुगली.

दुकानाच्या फरशीवर ते यंत्र नवरदेवासारखं दिसायचं. वावरात पहिल्या पावसानंतर त्याची वरात निघाली.

धुऱ्यालगतची नाली गाळानं भरली होती, ती मोकळी करायची होती. मी टिकास लावून खणायला लागलो. हातभर खणून झाल्यावर सुटलेली माती ओढायची, म्हणून पिन ओढली, टिकास काढलं, पावडं लावायला घेतलं. नळीत माती शिरली होती. काळी माती, ओली. काडीनं टोकरून काढली. सळई अर्धी गेली आणि अडली. पुन्हा टोकरलं. बाबा कमरेवर हात ठेवून पाहत होते. एरवी आम्ही दोघं ही नाली अशी काढतो की एकानं टिकासानं पुढं खणत जायचं, दुसऱ्यानं पावड्यानं मागून ओढत यायचं. त्या दिवशी ते रिकामे उभे होते.

"तू खणून रायला तवर मी का दांड्याची वाट पाहू?"

उत्तर नव्हतं. आठ वर्षं झाली, अजूनही नाही.

तासाभरात पिन हरवली. आमच्या वावरात हरवलेल्या वस्तूचं काय होतं ते काळ्या मातीत चाललेल्यालाच ठाऊक. पाय रुततो, चप्पल राहते, तिथं बोटाएवढ्या पिनेचा काय पाड. मी बाभळीखाली बसून पाच इंची खिळा वाकवून तिच्या जागी घातला. तो महिनाभर टिकला. तोवर दुसरीच गोष्ट लक्षात आली. सळई नळीत सहज जावी म्हणून मी दोन्हींमध्ये अर्ध्या मिलिमीटरची जागा सोडली होती. लेथवरच्या माणसाला अर्धा मिलिमीटर म्हणजे भगदाडच, पण मातीकामाला चालेल म्हटलं. ते चाललं नाही. टिकासाचा प्रत्येक घाव त्या अर्ध्या मिलिमीटरला थोडं थोडं मोठं करत गेला. भोक गोल होतं ते अंड्यासारखं लांबट झालं. अवजार बोलायला लागलं. उचललं की खड्, मारलं की खड्. आणि दर घावाला लोखंडी पाइपातून कोपरापर्यंत झिणझिण्या. लाकडाचा दांडा तो हादरा मधल्यामधे पिऊन टाकतो. पाइप तो जसाच्या तसा हातात आणून देतो, पोस्टमनसारखा.

मग मी आमच्या गावच्या म्हाताऱ्या खात्याकडं, म्हणजे लोहाराकडं, गेलो. खरं तर हे आधी करायला पाहिजे होतं, पण आयटीआयवाला माणूस खात्याकडं शेवटी जातो. त्याचा भाता तेव्हाच बंद पडल्यासारखा होता, पोळ्याच्या आधी चार दिवस पेटायचा तेवढाच. त्यानं माझं यंत्र हातात घेतलं, हलवलं, खडखड ऐकली आणि बाजूला ठेवून दिलं. स्वतःचं टिकास उचललं.

"याची पिन दाखव."

पिन नव्हती. पाचरही नव्हती. टिकासाच्या मधल्या नेढ्यात दांडा होता, इतकंच. तो दांडा बारीक टोकाकडून नेढ्यात ओवलेला असतो. वरचं टोक जाड, नेढंही वरून रुंद आणि खाली निमुळतं. टिकास दांड्यावरून सरकत वर जातं आणि जाड टोकाशी अडकतं. घाव घालताना लोखंड हातापासून लांब पळू पाहतं, म्हणजे जाड टोकाकडंच पळतं, म्हणजे दर घावाला आणखी घट्ट बसतं. सोडवायचं असेल तर टिकास वर धरून दांड्याचं बारीक टोक दगडावर आपटायचं. दोन ठोक्यांत लोखंड खाली सरकून हातात येतं. त्यानं करून दाखवलं. मग कुऱ्हाड घेतली. कुऱ्हाडीचा दांडा खालून घातलेला, वरून पाचर मारलेली. तिचंही बूड त्यानं तसंच दगडावर आपटलं, तर ती उलट घट्ट झाली. ठोका तोच. एका अवजाराला सोडवतो, दुसऱ्याला आवळतो. माझ्या पाचही मुंडक्यांना मी एकच सळई लावली होती.

घरी येताना मला लेथ आठवली आणि हसू आलं. लेथच्या टेलस्टॉकमध्ये, म्हणजे मागच्या सरकत्या डोक्यात, मोठं ड्रिल बसवतात ते असंच, निमुळत्या भोकात निमुळता दांडा. ना नट, ना पिन. त्याला मोर्स टेपर म्हणतात. स्टीफन मोर्स या अमेरिकन माणसानं १८६४ च्या सुमारास ते माप ठरवलं, फुटामागं साधारण पाच-अष्टमांश इंच उतार. इतका कमी उतार असला की दोन धातू एकमेकांना नुसत्या घर्षणानं धरून ठेवतात. काढायचं तर टेलस्टॉकचं चाक उलटं फिरवा, मागून ढकललं जाऊन ते सुटतं. सहा वर्षं मी रोज हे करत होतो. वहीत आकृती काढून दहापैकी दहा मार्क घेतले होते. बाबांचं टिकास लहानपणापासून घरात होतं. दोन्ही एकच आहेत हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मला दिसलंही नाही.

उन्हाळ्यात दांडे हलतात त्याचंही खात्यानं सांगितलं. आमच्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. लाकूड वाळतं, आणि लाकूड लांबीत आटत नाही, जाडीत आटतं. लोखंडाचं नेढं आहे तेवढंच राहतं. मग आपण काय करतो, अवजार रात्रभर हौदात टाकतो. सकाळी दांडा पक्का. दोन दिवसांनी आधीपेक्षा ढिला. कारण फुगलेल्या लाकडाला पसरायला जागा नसते, त्याचे धागे लोखंडाशी चेंगरतात, आणि वाळल्यावर ते पुन्हा उभे राहत नाहीत. खाती हे एका वाक्यात म्हणाला, "पाण्यानं आलेलं पाण्यासंगच जाते." दांडा सावलीत पुरता वाळवलेला असावा आणि ज्या महिन्यात लाकूड सगळ्यात कोरडं त्या महिन्यात बसवावा, एवढंच त्याचं शास्त्र. पुढं पावसाळ्यात तो फुगून बसतो.

लाकूड धावड्याचं. आमच्या यवतमाळकडच्या जंगलात धावडा आहे, चिवट, वाकेल पण तुटायचा नाही, डिंकही त्याचाच. इंग्रजांनी त्याला चाकाच्या आसाचं लाकूड असं नाव दिलं, आमच्याकडं तो दांड्याचा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण ज्यानं केली त्यानं बिचाऱ्या दांड्याला कायमचं फितूर ठरवून टाकलं. पण दांडा करताना झाड निवडणारा, सरळ धाग्याची फांदी शोधणारा, ती वर्षभर माळ्यावर वाळवणारा माणूस म्हणीत कुठंच नाही. तो नामानिराळा राहिला.

त्या काळात मला वाचायचं वेड लागलं. दांडा आणि पातं यांचं लग्न माणसानं कसं कसं लावलं ते पाहत सुटलो, आणि पहिला धक्का घरातच बसला. नागपूरजवळ टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथं शिळावर्तुळं आहेत. मोठाले दगड गोल मांडून त्यात पुरलेली माणसं, आणि त्यांच्यासोबत त्यांचं लोखंड. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत ही ठिकाणं खणली. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या लोकांच्या कुऱ्हाडी चपट्या आहेत. त्यांना नेढं नाही. दांड्याला पातं आवळायला वेगळ्या लोखंडी पट्ट्या आहेत, एकमेकींना छेदून जाणाऱ्या. पुस्तकातलं ते चित्र मी बराच वेळ पाहत बसलो. दांडा कुजून गेलाय, पातं आहे, पट्ट्या आहेत. म्हणजे विदर्भातला कुणीतरी खाती माझ्याच भानगडीत पडला होता. आणि त्याची पट्टी माझ्या पिनेपेक्षा नक्कीच बरी होती, अडीच हजार वर्षं हरवली नाही.

मग ज्यांचं जमलं त्यांच्याकडं पाहिलं. आमच्या गावचा न्हावी आधी पोलादी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासायचा. आता त्याच्या वस्तऱ्याला धारच नसते. तो नुसता दांडा आहे. ब्लेड कागदातून काढतो, मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात सरकवतो, दाढी झाली की फेकतो. किंग जिलेटला १९०४ साली फेकायच्या पात्याच्या वस्तऱ्याचं पेटंट मिळालं तेव्हा न्हाव्याची गरज संपवायची होती. आमच्याकडं न्हाव्यानं त्याच पात्याचे दोन तुकडे करून आपला धंदा टिकवला. माझी बहीण नर्स आहे. तिनं मला शस्त्रक्रियेची सुरी दाखवली. तीन नंबरचा दांडा, त्यावर दहा, अकरा, पंधरा नंबरची पाती बसतात. मोठा चार नंबरचा, त्याला विसाच्या पुढची. दांडा निर्जंतुक करून पुन्हा वापरायचा, पातं टाकून द्यायचं. मॉर्गन पार्कर या तरुण इंजिनिअरचं हे १९१५ चं काम. पात्याला एक लांबट खाच, दांड्याला तशीच एक जीभ. सरकवलं की बसतं. मला त्या खाचेचा हेवा वाटला.

बहिणीला मी विचारलं, ऑपरेशन चालू असताना एकाच दांड्यावर पाती बदलत बसतात का? ती म्हणाली, "कायले? ट्रेमध्ये चार दांडे तयार असतात. मागितला तसा देतो."

म्हणजे तिथंही पातं बदलायची सोय ही धार मेली म्हणून, रक्त लागलं म्हणून. दांडे वाचवायला नाही. न्हाव्याचं तेच. गोटी पान्याचं वेगळं आहे, तिथं खरोखर एक दांडा पुरतो, कारण इंजिनवर वाकलेला माणूस एक असतो आणि नट पन्नास असतात, एकामागून एक खोलायचे. हात तेलकट असले तरी मातीचे नसतात, गोटी पडली तर फरशीवर पडते. वावरात सगळं उलटं आहे. निंदणाला वीस बाया बसतात आणि वीसही जणींना एकाच वेळी खुरपंच पाहिजे असतं. नाली काढायला दोघं असतात आणि दोघांना एकाच घटकेला दोन वेगळी अवजारं पाहिजेत. मी लोखंडं मोजली होती. हात मोजायचे राहिले. आणि ज्याची बचत करायला निघालो तो दांडा हाच सगळ्या अवजारात स्वस्त, फांदीचा तुकडा.

मधल्या काळात पेटंटचंही खूळ झालं. पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना शिकवणारी राष्ट्रीय संस्था आपल्या नागपुरातच आहे, त्यामुळं ते काम मला बाजूच्या गल्लीतलं वाटायचं. एका जाणकारानं माझा कागद वाचून १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ (च) समोर ठेवलं. माहीत असलेल्या साधनांची नुसती मांडणी, फेरमांडणी किंवा त्यांचीच पुनरावृत्ती, ज्यात जो तो आपापलं काम जुन्याच रीतीनं स्वतंत्रपणे करतो, तो शोध नव्हे. मी ते तीनदा वाचलं. पावडं पावड्याचं काम करतं, टिकास टिकासाचं, आणि दांडा दांड्याचा. दिल्लीत बसून कुणीतरी १९७० साली माझ्या बाबांचं म्हणणंच कायद्याच्या भाषेत लिहून ठेवलं होतं.

पण बदलता येणारं अवजार आमच्याकडं चालतच नाही असं म्हणालो तर वखर माझ्याकडं डोळे वटारून पाहील. वखराची फास बदलते. डवऱ्याची बदलते. पऱ्हाटी म्हणजे कपाशी बोटभर असताना रुंद फास, फांद्या पसरल्या की अरुंद. लाकूड तेच, बैल तेच, खाली लोखंड वेगळं. आणि आता ज्यांच्याकडं बैल नाहीत त्यांच्याकडं सायकल डवरा असतो. जुन्या सायकलचं पुढचं चाक, हँडल आणि मागं लोखंडी पट्टी. पट्टीला भोकं. बोल्ट खोलून फास लावा, दाते लावा, सरी पाडायचं लावा. बुलढाण्याला लागून असलेल्या जामनेर तालुक्यात शेंदुर्णी आहे, तिथले गोपाळ मल्हारी भिसे यांचं असं सायकलवरचं कोळपं 'कृषीराजा' नावानं देशभर गाजलं. माझ्या दुकानात आजवर असे चाळीस-पन्नास तरी मी बांधले असतील, आणि एकही तक्रार घेऊन परत आला नाही.

यात आणि माझ्या पाच पांडवांत फरक काय, याचा मी पुष्कळ विचार केला. सायकल डवऱ्याचा बोल्ट शेतकरी घरी अंगणात, संध्याकाळी, पाना घेऊन, बसून खोलतो. मग पंधरा दिवस त्याला हात लावत नाही. माझी पिन दर पाच मिनिटांनी चिखलात ओढायची होती. हंगामानं बदलायचं ते कसूनच बांधता येतं. घटकेघटकेला बदलायचं ते ढिलंच ठेवावं लागतं, आणि ढिलं ठेवलं की ते खडखडतं. बाकी कलम-बिलम राहू द्या.

आणि दुसरं म्हणजे माय.

निंदणाला येणाऱ्या बाया आपापलं खुरपं सोबत आणतात. मजुरी मालकाची, चहा मालकाचा, खुरपं आपलं. लहानपणी मला वाटायचं मालक देत नाही म्हणून. एकदा एका बाईचं खुरपं विसरलं, मायनं तिला घरातलं दिलं. ती दुपारपर्यंत तीन ओळी मागं राहिली आणि संध्याकाळी तळहात दाखवत होती. मूठ जाड पडली होती. लोखंड सगळ्यांचं सारखं असतं, एकाच खात्याकडून आलेलं. मूठ ज्याची त्याची. मायच्या खुरप्याची मूठ बाभळीची आहे, माझ्या जन्माच्या आधीची. अंगठा टेकतो तिथं वाटाण्याएवढा खळगा पडलाय, करंगळीच्या बाजूला ती चपटी झालीय, आणि रंग असा की लाकूड म्हणावं की शिंग म्हणावं. या मुठीत आत्तापर्यंत चार पाती झाली. खुरपं झिजत झिजत दोन बोटांएवढं उरलं की ती पातं बदलते. एकाच दांड्यावर पाती बदलणारी अवजारं मी जगभर शोधत होतो, आणि घरात एक बाई तीस-पस्तीस वर्षं दांडा तोच ठेवून लोखंड बदलत होती.

खाती गेला त्याला तीन वर्षं झाली. त्याचा भाता त्याच्या पोरानं विकला. आता गावात दांड्याचं काम माझ्याकडं येतं, आणि मी काय करतो सांगू? पावड्याला पाइप वेल्ड करून देतो. लोकांना तेच पाहिजे. हलत नाही, उधळी लागत नाही, पाचर नाही. झिणझिण्यांची सवय होते. वेल्डपाशी तुटलं की माणूस पावडं सायकलला लटकवून फाट्यावर येतो, लाइन असेल तर पाच मिनिटांत होतं, नसेल तर बसून राहतो. पूर्वी दांडा तुटला की तो धुऱ्यावरच नवा घालायचा. मी पन्नास रुपये घेतो. कुऱ्हाडीच्या दांड्याला फितूर म्हणणाऱ्यांनी माझ्या वेल्डिंग मशीनला काय म्हणावं हे त्यांनीच ठरवावं.

गेल्या आषाढात माय दुकानात आली. ती सहसा येत नाही. पदरात गुंडाळलेली ती बाभळीची मूठ आणि बाजारातून आणलेलं नवं पातं तिनं माझ्या बाकावर ठेवलं. जुनं पातं मुठीतच मोडलं होतं, खाती नव्हता, आता मीच.

हे काम मी कधी केलं नव्हतं, पाहिलं मात्र शंभरदा. मोडलेला तुकडा पकडीनं ओढून काढला. नव्या पात्याचं शेपूट गॅसवर लाल केलं. मूठ फडक्यात धरली आणि शेपूट जुन्या भोकात दाबलं. धूर निघाला, बाभूळ जळाल्याचा गोडसर वास दुकानभर झाला. शेंबी, म्हणजे मुठीच्या तोंडावरचं कडं, आधीच चढवली होती, नाहीतर मूठ तडकते, एवढं लक्षात होतं. पाण्यात बुडवलं, चर्र झालं. घट्ट बसलं. एक हात मागं, एक हात पुढं, हललं नाही. अर्धा मिलिमीटर नाही की पाव नाही. मी ते मायच्या हातात दिलं आणि तिच्या तोंडाकडं पाहत राहिलो.

तिनं मूठ धरली. अंगठा खळग्यात ठेवला. मनगट वळवलं, थांबली, पुन्हा वळवलं.

"बाप्पा, हे त डावखुऱ्याचं झालं."

पात्याची बाजू उलटी बसली होती. अंगठा खळग्यात ठेवला की धार बाहेरच्या अंगाला जात होती. खळग्यावरून बाजू ठरते हे मला सुचलंच नव्हतं. मी नुसतं भोक पाहिलं. पुन्हा तापवलं, ओढून काढलं. भोक जळून मोठं झालं होतं. मायनंच सांगितलं म्हणून पलीकडच्या किराणा दुकानातून राळ आणली, कुटून भोकात भरली, शेपूट पुन्हा लाल केलं. या वेळी मूठ तिनं धरली. तिच्या हातात असतानाच मी पातं आत दाबलं. "आजून थोडं आंदर. आता इकडं वाकव. हाव, बस."

घरी जाऊन तिनं ते आधी भिंतीपाशी लावून पाहिलं. तुळशीच्या मागं, पाइप टेकवलेला असतो तिथं, हराळी फार माजली होती. माय उकिडवी बसली, काही बोलली नाही. हराळीचा एक गड्डा मुळासकट निघाला, तो तिनं मागं टाकला आणि पुढं सरकली. पाइप मध्ये येत होता, तो न बघताच उचलून बाजूला केला.

तेवढ्यात चिंच हलली. बाबा आतून ओरडले, "अवो, माहा पाइप कुठी ठेवला?"